पडद्यावरचं प्रेम आणि दोन खोल्यांचा संसार

हल्ली कुठल्याही लग्नाला जा, निम्मं लग्न सिनेमातून आलेलं दिसतं. आपल्याकडे हळद पूर्वीही लागायचीच. पण आता तिला पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा आणि फोटोवाला लागतो. 'संगीत' नावाचा कार्यक्रम आपल्या आयांच्या लग्नात कुणी ऐकलाही नव्हता. नवऱ्यामुलाचा कान पिळायला मुलीचा भाऊ पुढे होतो न होतो, तोवर करवल्या बूट पळवून मोकळ्या! 'हम आपके हैं कौन' १९९४ साली आला आणि तो खेळ घरोघर पोचला. लग्नाआधी दोघांना धरणावर नाहीतर किल्ल्यावर नेऊन फोटो काढायचे आणि नवऱ्यामुलानं गुडघ्यावर बसून गुलाब द्यायचा, हेही आता ठरूनच गेलंय. वटपौर्णिमेला फांदी विकत आणून पूजा उरकणारी माझी एक मैत्रीण गेली तीन वर्षं करवा चौथला चाळणीतून चंद्र बघते. तिला विचारलं, "हे गं कुठून काढलंस?" तर म्हणाली, "अगं, किती छान दिसतं ते!"

तेव्हा सिनेमाचा आपल्यावर परिणाम होतो की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. होतो. साड्यांवर होतो, दागिन्यांवर होतो, मग मनावर होणार नाही असं कसं? प्रश्न एवढाच, की मनावर नेमका कोणता परिणाम होतो आणि तो इतका का होतो?

'का' याचं उत्तर मला वाटतं अगदी साधं आहे. प्रेम कसं असतं, हे आपल्याला बघायला मिळालं ते फक्त तिथेच.

माझ्या आईवडिलांचंच बघा. चाळीस वर्षांचा चांगला संसार. पण दोघं शेजारी-शेजारी निवांत बसलेली मी लहानपणी कधी पाहिली नाहीत. एकमेकांवर जीव नव्हता असं मुळीच नाही. पण तो जीव मुलाबाळांना दिसू देणं म्हणजे चावटपणा! घरात पावसाबद्दल बोललं जाई, पगाराबद्दल, येणाऱ्या पाहुण्यांबद्दल. प्रेम हा शब्द आमच्या घरात यायचा तो फक्त 'मावशी फार प्रेमळ हो' एवढ्यापुरता. वरणाला फोडणी कशी द्यायची ते आईनं शिकवलं, मापाचा ब्लाउज कसा बेतायचा ते काकूनं शिकवलं. प्रेमाचा क्लास मात्र आमच्याकडून फी घेऊन शाहरुख खाननं घेतला.

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला लागला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तो मी पाहिला पुढे टीव्हीवर, आणि मग किती वेळा पाहिला त्याची गणतीच नाही. मुंबईच्या मराठा मंदिरात त्या सिनेमानं डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवडे पूर्ण केले. एक पिढी संपून दुसरी आली, तरी माणसं तोच सिनेमा बघायला जात राहिली. आम्ही मैत्रिणी त्यातून काय शिकलो? प्रेम एका प्रवासात होतं. तो आधी त्रास देतो, मग तोच आवडायला लागतो. आपण काही बोलायचं नाही, त्यानं ओळखायचं. आणि शेवटी गाडी सुटते, वडील हात सोडतात, आपण धावायचं, तो वर ओढून घेणार.

आता संसारात पडल्यावर तो सिनेमा बघते तेव्हा माझं लक्ष जातं ते सिमरनच्या आईकडे, लाजोकडे. ती मुलीला सांगते, की भावांना शिकता यावं म्हणून माझी शाळा बंद झाली; पुढे मुलगी, बहीण, बायको म्हणून मी एकेक गोष्ट सोडत गेले. तू जन्मलीस तेव्हा ठरवलं होतं, की हिला असं काही सोडावं लागणार नाही. एवढं सांगून ती मुलीला म्हणते काय, तर तुझं प्रेम तू सोडून दे! पुढे हीच आई दागिन्यांचं गाठोडं आणून, पळून जा म्हणूनही सांगते. सगळ्या सिनेमात खरं बोलणारी बाई ती एकटी. पण आमच्या लक्षात राहिली गाडी, मोहरीचं पिवळं शेत आणि त्याचं जॅकेट. सिनेमा सगळंच चुकीचं शिकवतो असं नाही हं. पण त्यातलं आपण उचलतो काय, हाही प्रश्न आहेच.

लग्नाच्या बाजारात उतरल्यावर या शिकवणीची पहिली परीक्षा होते. माझं लग्न रीतसर, कांदेपोहे होऊन ठरलं. आमचे हे साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात. मार्गशीर्षात साखरपुडा आणि वैशाखात लग्न. मधले महिने म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. रोज रात्री यांचा फोन यायचा. मी धडधडत्या काळजानं फोन घ्यायची आणि पलीकडून आवाज, "आज साडेसात हजार टन गाळप झालं!" एकदा धीर करून विचारलं, "माझी आठवण येते का हो?" बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "येते की. पण कामाच्या वेळी फोन नको करूस, साहेब बघतात." मी तो किस्सा मैत्रिणींना सांगितला तेव्हा त्या हसून लोळल्या. मीही हसले. पण रात्री वाटलंच, की ज्याच्यासोबत जन्म काढायचा त्याला दोन गोड शब्द जमू नयेत?

मैत्रिणींनो, असं वाटणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणतं, "नवरा दारू पीत नाही, पगार घरात देतो, आणखी काय हवं?" मला हे कधीच पटलेलं नाही. आणखी हवंच! आपण माणूस म्हणून कुणाला तरी आवडतो, हे ऐकावंसं वाटणं हा काही सिनेमानं लावलेला रोग नाही. ती भूक आपली स्वतःचीच. सिनेमानं फक्त तिला एक ठरीव ताट दाखवलं: गुलाब, गुडघा, परदेशातले डोंगर आणि न सांगता ओळखणारा नवरा. ताट तसंच समोर आलं नाही, तर उपाशी राहिल्यासारखं वाटतं, एवढंच.

त्या ताटातला सगळ्यात फसवा पदार्थ कोणता म्हणाल, तर 'न सांगता ओळखणं.' सिनेमात नायिका नुसती खिडकीतून बाहेर बघते आणि नायकाला सगळं कळतं. कळणारच, कारण त्याच्या हातात संवाद लिहिलेला कागद असतो! आपल्या घरात आपण बघतो खिडकीबाहेर आणि नवऱ्याला वाटतं, पाऊस आला की काय ते बघतेय. मग आपण रुसतो. तो विचारतो, "काय झालं?" आपण म्हणतो, "काही नाही." त्याला ते खरंच वाटतं, आणि तो पेपर वाचायला लागतो. १४ फेब्रुवारीला आमच्या आळीत दरवर्षी दोन-चार घरांत असा अबोला असतो. आमच्याकडे ती तारीख हंगामात येत असल्यामुळे हे घरीच नसतात, म्हणून आम्ही वाचलो!

दुसरी गोष्ट, सिनेमा जागेबद्दल कधी बोलत नाही. नायक-नायिकेला गाण्यासाठी अख्खं स्वित्झर्लंड मिळतं. आपल्याला मिळतात दोन खोल्या. एकीत सासू-सासरे आणि टीव्ही, दुसरीत आपण, मुलं आणि धान्याचे डबे. यात गोड बोलायचं तरी कुठे? आणि कुणाच्या देखत?

याबद्दल बोलणारा सिनेमा आपल्या मराठीतच होऊन गेलाय. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई', १९७०चा. मुंबईच्या चाळीत नवी सून येते, घर माणसांनी भरलेलं, आणि नवराबायकोला बोलायलासुद्धा आडोसा मिळत नाही. त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ साली हिंदीत 'पिया का घर' काढला. एकदा टीव्हीवर तो मराठी सिनेमा लागला होता. आम्ही सगळे हसत होतो. सासूबाई हसत नव्हत्या. सिनेमा संपल्यावर भाजी निवडताना त्या हळूच म्हणाल्या, "लोकांना त्यात हसायला येतं. मला नाही येत गं."

मग त्यांनी सांगितलं. लग्न झाल्यावर त्या लालबागच्या चाळीत राहायला गेल्या. मामंजी गिरणीत होते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. मामंजींची पाळी रात्रीची असली की दिवसा झोपायला जागा हवी, म्हणून बायकांनी गॅलरीत बसायचं. चार वर्षांत दोघं मिळून एकदाच सिनेमाला गेली, तेही सासूबाईंना घेऊन. आणि थेटरात त्या मधल्या खुर्चीवर बसल्या! १९८२चा संप झाला, गिरणी सुटली, बिऱ्हाड गावी आलं. इथे आल्यावर घर थोडं मोठं झालं, पण तोवर बोलायची सवयच राहिली नव्हती. "आता एवढं घर मोकळं असतं," त्या म्हणाल्या, "पण बोलायचं काय, तेच सुचत नाही."

मला त्या एका वाक्यानं धसका बसला. प्रेम नव्हतं म्हणून नाही, तर त्याला जागा आणि वेळ मिळाला नाही म्हणून बोलणं आटलं. आपलंही उद्या तसंच होणार का? त्याच आठवड्यात मी यांना स्पष्ट सांगितलं, "मला आठवड्यातून एक तास हवा. त्यात टन नकोत, मुलांचा अभ्यास नको, गॅस सिलिंडर नको." हे गोंधळले. "मग बोलायचं काय?" म्हणाले. म्हटलं, "तेच तर शोधायचं आहे."

कराडला कृष्णा आणि कोयना मिळतात त्या घाटाला प्रीतिसंगम म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे तिथे. संध्याकाळी भेळ खायला, मुलांना खेळवायला निम्मं गाव येतं. रविवारी आम्ही दोघं तिथे जायला लागलो. नाव प्रीतिसंगम असलं, तरी पहिले दोन-तीन रविवार आम्ही नुसते नदीकडे बघत बसलो! चौथ्या का पाचव्या रविवारी हे म्हणाले, "लहानपणी मला पोहता यायचं नाही, म्हणून मित्र चिडवायचे. मी पहाटे येऊन एकटाच शिकलो." लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हे मला माहीत नव्हतं. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय विशेष? पण मला त्या दिवशी यांची नव्यानं ओळख झाली. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "रोज घरात भेटता, मग नदीवर जाऊन काय बोलता?" आता रविवारी चार वाजले की त्याच मुलांना हाक मारून आपल्याजवळ बसवतात.

इथवर झालं आपलं, मोठ्यांचं. आपण समजून-उमजून रुसतो आणि समजून-उमजून मिटवतो. पण सिनेमाची शिकवण कोवळ्या वयात नुसतीच पोचली, तिला उत्तर देणारं कुणी नसलं, तर काय होतं, ते मी शाळेत पाहिलंय.

मी तासिका तत्त्वावर नववी-दहावीला मराठी शिकवते. एक मुलगी, वर्गात चुणचुणीत, अचानक गप्प झाली. मधल्या सुट्टीत तिला पुस्तकं उचलायला म्हणून बरोबर घेतलं आणि हळूच विचारलं. तर एक मुलगा पंधरा दिवस एस.टी. स्टँडपासून शाळेपर्यंत मोटारसायकल घेऊन तिच्या मागे येत होता. हिनं रस्ता बदलला, त्यानंही बदलला. मी विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "बाई, मला भीती वाटते. पण मैत्रिणी म्हणतात, सुरुवातीला सगळ्याच हिरॉइनना राग येतो."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. तिची भीती खरी होती, पण तिच्यासकट सगळ्याजणी तिला सिनेमातला पहिला अर्धा तास समजत होत्या! आणि समजणार नाहीत तर काय? नायिका 'नाही' म्हणते म्हणजे अजून 'हो' म्हणाली नाही, हे आपल्या सिनेमांनी वर्षानुवर्षं शिकवलंय. अमोल पालेकरांचा 'छोटीसी बात' (१९७६) किती गोड सिनेमा. पण त्यातला भिडस्त नायकसुद्धा बसस्टॉपपासून तिच्या मागेमागेच जातो. आणि २०१९चा 'कबीर सिंग' घ्या. त्यात नायक कॉलेजात नव्यानं आलेली मुलगी 'माझी' म्हणून सगळ्यांना बजावतो; तिला विचारायचं कुणाला सुचतच नाही. आपण बघताना हसतो, टाळ्या पडतात. पण मोटारसायकलवरच्या त्या पोरानं दुसरं काय केलं?

खरी कसोटी पुढेच होती. मुलीच्या आईला बोलावलं. ऐकल्याबरोबर ती म्हणाली, "उद्यापासून शाळा बंद. मामाकडे पाठवते आणि वर्षभरात उरकून टाकते." म्हणजे गुन्हा त्यानं करायचा आणि शिक्षा हिनं भोगायची! मुलीनं इतके दिवस घरी का सांगितलं नव्हतं, ते मला त्या क्षणी कळलं. मोठ्या बाई आणि मी तासभर त्या माउलीशी बोललो. २०१३ पासून आपल्या कायद्यात पाठलाग करणं हा गुन्हा आहे, हे तिला समजावून सांगितलं. आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे: बाईनं स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही पुरुष तिच्या मागे लागला किंवा मोबाईलवर पाळत ठेवू लागला, तर पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाच्या आईवडिलांना बोलावून समज दिली. पोलिसांचं नाव निघाल्यावर मोटारसायकल दिसेनाशी झाली. मुलगी शाळेत येत राहिली आणि दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. पण तिनं त्या दिवशी माझ्याजवळ तोंड उघडलं नसतं तर?

म्हणून मुलांचे सिनेमे बंद करा, असं मात्र मी सांगणार नाही. हातात मोबाईल आल्यावर ते शक्यही नाही, आणि सिनेमानं आपल्याला चांगलंही दिलंय. मुलीलाही मन असतं, तिची पसंती विचारावी, नवराबायकोनं एकमेकांशी मायेनं बोलावं, हे धीटपणे कुणी सांगितलं? पडद्यानंच. फक्त सिनेमा पूर्ण बघायला शिकलं पाहिजे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. त्यातलं 'झिंगाट' गाणं अजून वरातीत वाजतं आणि आपण सगळ्या नाचतो. पण सिनेमाचा उत्तरार्ध किती जणींना आठवतो? परक्या शहरातली झोपडपट्टी, आर्चीला न येणारा स्वयंपाक, परशाचा संशय, त्यानं उचललेला हात, मग पुन्हा सावरलेला संसार, आणि जातीच्या अभिमानापायी माहेरच्यांनीच केलेला शेवट. प्रेमात पडणं सोपं आणि ते निभावणं अवघड, हे त्यात होतं. आपल्या समाजात त्याची किंमत काय मोजावी लागते, हेही होतं. गाणं लक्षात राहिलं, हे विसरलं.

तेव्हा मला सुचतं ते सांगते. पटलं तर घ्या.

एक, हवं ते तोंडानं मागा. गजरा हवा असेल तर 'येताना गजरा आणा' म्हणा. मागून मिळालेल्या गजऱ्याचा वास कमी येत नाही.

दोन, दोघांसाठी थोडी जागा आणि ठरलेला वेळ काढा. नदी नसली तरी गच्ची आहे, देवळाचा पार आहे, रात्री जेवणानंतरची शतपावली आहे. आणि घरात सून असेल, तर तिलाही तो वेळ द्या. थेटरातली मधली खुर्ची आपण सोडूया!

तीन, मुलांदेखत नवऱ्याशी मायेनं बोलायला लाजू नका. त्यांनी चहाचा कप विसळला तर मुलांना ते दिसू द्या. तुम्ही त्यांचं कौतुक केलंत तर ऐकू द्या. घरात प्रेम दिसलं, तर त्यासाठी त्यांना सगळीच भिस्त सिनेमावर ठेवावी लागणार नाही.

चार, मुलीनं काही सांगितलं तर पहिल्या वाक्यात तिची शाळा बंद करू नका. तिच्या बाजूनं उभ्या राहा. गरज पडली तर मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे दोन नंबर घरातल्या भिंतीवर, दूधवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवा.

आणि पाचवी गोष्ट मुलग्यांच्या आयांसाठी. पुढच्या रविवारी घरात सिनेमा लागेल, नायक नायिकेच्या मागे गाणं म्हणत धावेल. तेव्हा 'बंद कर ते' म्हणू नका. पोह्यांची बशी घेऊन मुलाशेजारी बसा आणि सहज विचारा, "का रे, तिला विचारलं का त्यानं?" तो आधी हसेल. हसू द्या. पुढच्या सिनेमात पुन्हा विचारा.